बाबूला कोण हसले?

शाळेतील वहीचे मागचे पान हे व्यंगचित्राचे फार जुने माहेरघर आहे. मास्तरांचे नाक वीतभर लांब, चष्मा बशीएवढा आणि पोट फळ्याच्या पलीकडे गेलेले, असे चित्र एकदा निघाले की त्याखाली नाव घालण्याची गरज उरत नाही. ते पान मास्तरांच्या हाती पडले म्हणजे शिक्षा ठरलेली. परंतु तेच मास्तर खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलाच्या बोलण्याची नक्कल करून साऱ्या वर्गाला हसवतात, तेव्हा त्यांना शिक्षा करणारा कोणी नसतो. नक्कल दोन्हीकडे आहे, अतिशयोक्तीही दोन्हीकडे आहे. तरी मुलाच्या चित्राने मास्तरांचे फारसे काही जात नाही. मास्तरांच्या नकलेने मात्र एखादा मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडीत नाही.

रीतिभाती आणि वेशभूषा यांची थट्टा करणारी जुनी चित्रे आज पुस्तकांतून व संग्रहालयांतून पाहताना हा भेद सहसा नजरेआड होतो. कागद पिवळा पडला की त्यावरचे हसूही निरागस वाटू लागते. ते नेहमीच तसे नव्हते हे पाहावयाचे असेल, तर एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या बाबूसारखे उदाहरण शोधून सापडणे कठीण. कारण या एकाच माणसाचे चित्र तीन निरनिराळ्या जागी बसलेल्या लोकांनी काढले: काली मंदिराबाहेरच्या गरीब चित्रकारांनी, राज्यकर्त्या इंग्रजांनी, आणि पुढे बाबूंच्याच एका मोठ्या वाड्यात जन्मलेल्या कलावंताने.

मराठीत 'बाबू' म्हटले की डोळ्यांपुढे कचेरीतील कारकून उभा राहतो. हा अर्थ इंग्रजांच्या तोंडून आलेला आहे. बंगालीत तो मुळात आदराचा शब्द. आपल्याकडे नावापुढे 'राव' लागतो तसा तिकडे 'बाबू' लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या व्यापारात दलाली करून आणि १७९३ च्या कायमधाऱ्याने हाती आलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर कलकत्त्यात एक नवा श्रीमंत वर्ग तयार झाला. बापाने पैसा मिळवला आणि मुलगा तो उडवू लागला. बुलबुलांच्या झुंजी, नाचगाण्याच्या बैठका, दुर्गापूजेतील खर्चाची चढाओढ हे त्याचे उद्योग. १८२५ मध्येच भवानीचरण बंदोपाध्याय यांनी 'नवबाबूविलास' लिहून या मंडळींची रेवडी उडवली होती. पुढे इंग्रजी शाळा-महाविद्यालये निघाली आणि बाबूची दुसरी पिढी आली. ही शिकलेली, वकिली आणि नोकरी करणारी, शेक्सपिअर तोंडपाठ असलेली. मेकॉले यांनी १८३५ च्या टिपणात रक्ताने हिंदी पण अभिरुचीने इंग्रज असा जो वर्ग घडवण्याची इच्छा प्रकट केली होती, तोच हा वर्ग. त्याचा वेशही त्या इच्छेसारखाच दुपेडी होता. कमरेला चुणीदार धोतर, खांद्यावर शाल, पायांत इंग्रजी पद्धतीचे काळे बूट, आणि डोक्यावरचे केस राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांप्रमाणे, म्हणजे प्रिन्स आल्बर्टप्रमाणे, भांग पाडून बसवलेले.

हा वेश प्रथम रंगात उतरला तो कालीघाटात. तेथील कालीमातेचे आजचे मंदिर १८०९ मध्ये पुरे झाले आणि यात्रेकरूंची रीघ वाढली. गर्दी आली तशी दुकाने आली, आणि दुकानांबरोबर खेड्यापाड्यांतून पटुआ आले. पटुआ म्हणजे चित्रकथी. लांबच लांब गुंडाळीवर रामायणातील किंवा मंगलकाव्यातील प्रसंग रंगवावयाचे आणि ती उलगडीत गावोगाव गात फिरावयाचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. सावंतवाडीजवळच्या पिंगुळीतील चित्रकथी ठाऊक असलेल्यांना ही परंपरा परकी वाटणार नाही. परंतु शहरातील यात्रेकरूला गुंडाळी संपेपर्यंत उभे राहावयास वेळ नव्हता. त्याला हवे होते एक चित्र, झटपट आणि एखाद-दुसऱ्या पैशात. मग पटुआंनी गिरणीचा स्वस्त कागद घेतला आणि कथेतील एकच क्षण त्यावर उतरवावयास सुरुवात केली.

काम घरादाराचे असे. एकाने रेघ काढावी, दुसऱ्याने अंगाच्या गोलाईची छाया द्यावी, बायकामुलांनी रंग भरावेत. काळ्यासाठी दिव्याची काजळी आणि निळ्यासाठी नीळ असे घरगुती रंग होते. पुढे विलायती रंगही आले. दागिन्यांची चकाकी कथलापासून केलेल्या रुपेरी रंगाने येई. पाठीमागे घर नाही, झाड नाही, आकाश नाही. कोऱ्या कागदावर एक-दोन माणसे, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत न थांबता आलेली भरदार रेघ. ही काटकसर घाईतून आली, पण तिच्यामुळेच चित्राला जोर आला. ज्याची थट्टा करावयाची तो माणूस एकटा उजेडात उभा राहतो आणि त्याला लपावयास कोपरासुद्धा उरत नाही.

सुरुवातीस ही चित्रे देवदेवतांची होती. पण देऊळ शहरात होते, आणि शहरातील माणसे देवांच्या रांगेत घुसली. विलायती खुर्चीवर रेलून हुक्का ओढणारा बाबू आला. हातात गुलाब घेतलेली वारांगना आली. मग तिने बाबूच्या छातीवर पाय दिलेला प्रसंग आला, आणि बाबूचा मेंढा करून त्याला दोरीने नेणारी स्त्रीही आली. सर्वांत गमतीची स्थिती झाली ती कार्तिकेयाची. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी कडक ब्रह्मचारी. एरवी बायका त्याचे दर्शनसुद्धा घेत नाहीत. बंगालमध्ये तो देखणा, नीटनेटका, अविवाहित तरुण मानला जातो. कालीघाटच्या पटुआंनी त्याला मोरावर बसवले, आल्बर्टसारखा भांग पाडला, पायांत बकलांचे काळे बूट चढवले, आणि देवांचा सेनापती पाहता पाहता कलकत्त्याचा छानछोकी बाबू झाला. देवाला बाबू केले की बाबूला देव केले, हे पटुआंनी सांगितलेले नाही. यात्रेकरू ते चित्र घरी नेत आणि बहुधा हात जोडीत.

आणखी एक चित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. एक धष्टपुष्ट मांजर, कपाळावर वैष्णवांचे गंध, गळ्यात माळ, आणि तोंडात भलीमोठी कोळंबी. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, हे आपल्याकडे जिभेने सांगतात. पटुआने ते मांजराकडून सांगितले. ही कल्पना त्याला कोठे शोधत जावे लागले नसेल. मनुस्मृतीने ढोंगी धार्मिकाला बिडालव्रती म्हटले आहे, आणि महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पात तपश्चर्येस उभे राहिलेले मांजर सातव्या शतकापासून उंदरांना फसवीत आहे. नवे होते ते एवढेच की मंदिराच्या दारात, मंदिराच्याच गर्दीला, मंदिराच्या आसऱ्याने पोट भरणारा गरीब माणूस हे चित्र विकीत होता. त्या धाडसाचे कौतुक करावयास हवे.

परंतु खालून येणारे सगळेच हसू निर्मळ असते असे समजण्याचे कारण नाही. कालीघाटच्या चित्रांत बाबूचे जे काही वाटोळे होते, ते बाई करते. कोठे ती केस धरून त्याला ओढते, कोठे झाडूने बडवते. पटुआला बाबूचा पैसा खुपत होता, हे समजण्यासारखे आहे. पण दोष द्यावयाची वेळ आली की त्याचा कुंचला त्या घरातील सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळे. १८७३ मध्ये तारकेश्वरचे प्रकरण घडले. तेथील महंताने एलोकेशी नावाच्या, वयाने लहान असलेल्या विवाहितेला भ्रष्ट केले. नवरा नवीन याने संतापाच्या भरात तिचीच मान विळीने कापली. महंताला तुरुंगवास झाला. नवीनला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पण लोकांनी त्याच्यासाठी अर्ज केले आणि दोन वर्षांत तो सुटून आला. पटुआंनी या प्रकरणातील एकेक प्रसंग रंगवला आणि ती चित्रे हातोहात खपली. त्यांपैकी काहींत एलोकेशी पान पुढे करणाऱ्या नटव्या स्त्रीसारखी दिसते. जी मारली गेली तिला बाजाराने बाबूच्या बैठकीतील बाई करून टाकले. अशा चित्रापुढे हसू ओठावरच थांबते.

कालीघाटची चित्रे एक-दोन पैशांना विकली जात असताना त्याच शहरात दुसरे हसू छापले जात होते. लंडनचे 'पंच' साप्ताहिक १८४१ मध्ये निघाले आणि त्याने पॅरिसच्या 'शारिवारी' पत्राचे नाव आपल्या उपशीर्षकात घेतले. शारिवारी हा मूळचा फ्रान्सच्या खेड्यांतील प्रकार. विजोड लग्न झाले की गावकऱ्यांनी त्या घराखाली भांडी बडवून गोंगाट करावयाचा, याला शारिवारी म्हणत. म्हणजे शब्द जन्मला तो सामान्यांच्या गोंगाटात. १८७२ मध्ये कलकत्त्यात 'इंडियन शारिवारी' निघाले ते मात्र साहेबांचे, आणि त्याच्या खिडकीखाली भांडी बडवणारे कोणी नव्हते. खिडकीत बसून खालच्यांना हसणारे होते. शिकलेला बाबू हे त्यांचे आवडते गिऱ्हाईक.

येथे वेश तोच, बूटही तेच. निशाण मात्र बदललेले. पटुआचा बाबू पैशाने माजलेला आहे आणि सुखासीन आहे. साहेबाचा बाबू लबाड, भित्रा, आणि आपल्या योग्यतेबाहेर बोलणारा आहे. या बदलाला कारण होते. पहिल्या पिढीतील ऐतखाऊ बाबूपासून साहेबाला काहीच भय नव्हते. भय होते ते सनदी नोकरीची परीक्षा देणाऱ्या आणि वर्तमानपत्र काढणाऱ्या दुसऱ्या पिढीपासून. १८८३ मध्ये इल्बर्ट यांचे विधेयक आले. मुफसलातील हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढीच त्यातील मुख्य मागणी. तिच्याविरुद्ध युरोपियनांनी जे रान उठवले त्यात बाबूची थट्टा हे हत्यार होते. ज्याचे धोतर-बूट पाहून हसू येते, त्याच्यापुढे गोऱ्या माणसाने आरोपी म्हणून उभे राहावयाचे काय, असा त्या हसण्याचा रोख होता. १८८४ मध्ये विधेयक पुष्कळसे बोथट होऊन संमत झाले. युरोपियन आरोपीला निम्मे पंच तरी गोरे असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. चित्रांनी कायदे बदलत नाहीत; पण कायदा बदलू न देण्यास ज्या मनोवृत्तीची गरज असते, ती घडवण्यास त्यांचा हातभार लागतो.

'पंच'मध्ये १८९५ पासून एफ्. अ‍ॅन्स्टी यांची 'बाबू जॅबर्जी, बी. ए.' ही लेखमाला येऊ लागली आणि १८९७ मध्ये तिचे पुस्तक निघाले. चित्रे बर्नार्ड पार्ट्रिज यांची. नावातच गंमत आहे, कारण 'जॅबर' म्हणजे वटवट करणे. वकिलीच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेला हा बाबू अवजड इंग्रजी लिहितो, म्हणींची मोडतोड करतो आणि जागोजाग फजीत होतो. विनोद पुष्कळ ठिकाणी खरोखर चांगला साधला आहे, हे नाकारता येत नाही. परंतु परभाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या कोणाही शिक्षकाला हे पुस्तक वाचताना अवघडल्यासारखे होईल. जॅबर्जी दुसऱ्याच्या भाषेत चुकतो; त्याला हसणाऱ्यांपैकी कितीजणांना बंगालीचे एक वाक्य तरी धड बोलता आले असते? मेकॉले यांच्या योजनेबरहुकूम माणूस घडला, दारात येऊन उभा राहिला, आणि घडविणाऱ्यांनी त्याला पाहून तोंडावर रुमाल धरला.

सगळे इंग्रज चित्रकार याच माळेतले मणी होते असे मात्र नाही. कॅप्टन अ‍ॅटकिन्सन यांचे 'करी अँड राइस' हे चाळीस शिळाछाप चित्रांचे पुस्तक १८५९ च्या सुमाराचे. 'कबाब' नावाचे एक काल्पनिक ठाणे कल्पून त्यांनी तेथील न्यायाधीश, पाद्री, डॉक्टर आणि मडमा यांची जी थट्टा केली आहे, ती स्वतःच्या जातभाईंची थट्टा आहे. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात विलायती थाट टिकवताना त्यांची होणारी धांदल पाहून आजही हसू फुटते, आणि त्या हसण्यात कडवटपणा नसतो. अ‍ॅटकिन्सन यांचे हात त्याच जेवणाच्या टेबलावर होते.

बंगाली माणसे आपल्या बाबूला हसत नव्हती असेही नाही. मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६० मध्ये 'एकेइ कि बोले सभ्यता', म्हणजे 'हीच का ती सभ्यता', हे प्रहसन प्रसिद्ध केले आणि मद्याच्या पेल्यात सुधारणा शोधणाऱ्या तरुणांना उघडे पाडले. मधुसूदन स्वतः कोटपाटलोणीतले, ख्रिस्ती झालेले, इंग्रजीत काव्य करून मग बंगालीकडे परतलेले. ज्या बाटलीची त्यांनी थट्टा केली तिने त्यांचाही पुढे घात केला. बंकिमचंद्रांचा 'बाबू' हा जहाल निबंध 'लोकरहस्य' या पुस्तकात आहे. ते स्वतः सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, म्हणजे सर्व अर्थांनी बाबू होते.

शब्दांनी जे या दोघांनी केले, ते रेषांनी करणारा माणूस यावयास आणखी काळ जावा लागला. गगनेन्द्रनाथ ठाकुर यांचा जन्म १८६७ चा, जोडासांकोच्या प्रसिद्ध ठाकुरवाड्यातला. रवीन्द्रनाथ त्यांचे काका लागत आणि चित्रकार अवनीन्द्रनाथ हे धाकटे बंधू. घरात पैसा, नाटके, संगीत, देशोदेशींचे पाहुणे. पटुआला ज्या वाड्याच्या फाटकाबाहेरून बाबू दिसे, त्या वाड्यात गगनेन्द्रनाथ आतून वावरत होते. त्यांनी घरातच शिळाछापखाना बसवला आणि १९१७ मध्ये 'विरूप वज्र' व 'अद्भुत लोक' हे दोन, आणि १९२१ मध्ये 'नव हुल्लोड' हा तिसरा व्यंगचित्रसंग्रह प्रसिद्ध केला.

या चित्रांत काळ्या रंगाचे मोठे सपाट डाग आहेत आणि त्यांतून माणसे भुतासारखी वर येतात. एका चित्रात जातिभेदाचे भलेमोठे जाते माणसांना भरडीत आहे. दुसऱ्यात विद्यापीठ हा कारखाना झाला आहे. अर्धा देशी आणि अर्धा विलायती वेश केलेल्या बंगाल्याला त्यांनी वनस्पतिशास्त्रातील लॅटिन नावाच्या थाटात 'हायब्रिड बंगालेन्सिस' असे नाव दिले. जणू कोणी नवे रोपटेच बागेत उगवले आहे. शरीराने फुगलेले, मांडी ठोकून बसलेले ब्राह्मण तर अनेक चित्रांत आहेत, आणि ठाकुर घराणे जन्माने ब्राह्मणच होते.

कालीघाटच्या बाबूची ऐट पोटातून आलेली वाटते; गगनेन्द्रनाथांचा बाबू आतून पोकळ आहे आणि ते त्याला थोडेथोडे कळतही आहे. म्हणून ही चित्रे पटुआंच्या चित्रांइतकी खुसखुशीत नाहीत. ती पाहणारा मोठ्याने हसत नाही. बसल्या जागी थोडा सरकून बसतो. एका दृष्टीने ती कमी गमतीची आहेत हे कबूल करावे लागेल. पण इंग्रजांच्या बाबूचित्रांशेजारी ती ठेवली की फरक ताबडतोब कळतो. साहेबाच्या चित्रातील दोष बाबूच्या रक्तात आहे, तेव्हा तो जाणार नाही. गगनेन्द्रनाथांच्या चित्रातील दोष बाबूच्या वागण्यात आहे. तो टाकता येतो, आणि टाकला नाही म्हणून चित्रकाराला राग आहे.

गोव्याच्या वाचकांना घरातल्या घरात चालणारी ही थट्टा मारिओ मिरांडा यांच्यामुळे परिचित आहे. १९२६ मध्ये दमणला जन्मलेले आणि लोटलीच्या जुन्या वाड्यात वाढलेले मारिओ लहानपणापासून आपल्या गावची माणसे वहीत टिपीत. लग्नातील लठ्ठ यजमानीण, चर्चमधून बाहेर पडणारे नटलेले कुटुंब, तावेर्नातील गडी, सगळे त्यांच्या चित्रांत दाटीवाटीने बसलेले आहेत. गगनेन्द्रनाथांचा राग मारिओंच्या ठायी नाही, त्यांना माणसांचा लळा फार. २०११ मध्ये ते लोटलीसच वारले. त्यांच्या चित्रातील माणसांना त्यांच्या चित्रांचा राग आला असेल, तरी तो शेजाऱ्याचा राग असणार.

कालीघाटचे पटुआ मात्र तोवर संपले होते. जर्मनीहून व पुढे देशातूनही छापून आलेल्या चकचकीत रंगीत चित्रांपुढे हाताने काढलेले चित्र टिकले नाही, आणि १९३० च्या सुमारास तो धंदा जवळजवळ बसला. यात्रेकरूंनी नेलेली चित्रे ओल आणि वाळवीने खाल्ली. जी उरली त्यांतील सहाशेंहून अधिक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांपैकी मोठा भाग जमवला तो जॉन लॉकवुड किपलिंग यांनी. हे १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटवरील दगडी कोरीवकाम त्यांचेच. त्यांच्या पश्चात ती चित्रे संग्रहालयाला देणगी म्हणून दिली त्यांचे चिरंजीव रुडयार्ड यांनी. 'किम' कादंबरीत लठ्ठ, बडबडा आणि तरीही हिमालयात जिवावर उदार होणारा हरीबाबू रंगवणारे रुडयार्ड किपलिंग ते हेच. देणगीचे वर्ष १९१७. त्याच वर्षी जोडासांकोच्या वाड्यातील छापखान्यातून गगनेन्द्रनाथांचा पहिला संग्रह बाहेर पडला.